झाड कोणाचे, ताडी कोणाची?

इंग्रजी शब्दकोशात 'टॉडी' हा शब्द आहे. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये थंडीच्या दिवसांत व्हिस्कीत गरम पाणी आणि साखर किंवा मध घालून पितात, त्या पेयाला 'हॉट टॉडी' म्हणतात. हा शब्द आपल्या ताडीवरून तिकडे गेला. आपण ज्याला ताडमांजर म्हणतो तो प्राणी इंग्रजीत 'टॉडी कॅट' झाला. मुंबई इलाख्यातील इंग्रज अधिकारी ताडाच्या झाडाला 'ब्रॅब' म्हणत. हा शब्द पोर्तुगिजांच्या 'पाल्मेरा ब्रावा'वरून, म्हणजे 'रानटी माड' या अर्थाच्या शब्दांवरून आला. शब्द असे समुद्रापार गेले, पण खुद्द ताडी मात्र अर्नाळ्याहून मुंबईपर्यंतसुद्धा बदलल्याशिवाय पोचत नाही. सकाळी झाडावरून उतरवलेला गोड रस दुपारी आंबतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा शिरका होऊ लागतो.

रसायनशास्त्राच्या तासाला हे आपण दोन ओळींत सांगून मोकळे होतो. पण वसई-विरारच्या किनाऱ्याचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर याच दोन ओळींनी बरेच काही ठरवलेले दिसते. ताडीचा धंदा कोणाच्या हातात राहिला, सरकारने कर कशावर बसवला, कर्ज कोणाच्या डोक्यावर बसले, हे सारे समजून घ्यायला रस किती तास टिकतो इथूनच सुरुवात करावी लागते.

या पट्ट्यात रस देणारी मुख्य झाडे तीन. माड (म्हणजे नारळ), ताड आणि शिंदी. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, आणि शिंदीचा रस झाडाच्याच नावाने ओळखला जातो. तिन्हींतून रस काढण्याची तत्त्वे सारखी, पण पद्धत वेगळी. माडाची न उमललेली पोय दोरीने आवळून बांधतात, हलक्या हाताने ठोकतात आणि तिच्या टोकाची पातळ चकती रोज कोयत्याने कापतात. फुलांकडे आणि पुढे फळांकडे जाणारी साखर या कापातून ठिबकते व खाली बांधलेल्या मडक्यात जमते. ताडाच्या बाबतीतही फुलोऱ्यावरच काप घेतात, आणि नर व मादी दोन्ही झाडे रस देतात. ज्या मादीचा फुलोरा कापला तिला अर्थातच ताडगोळे येत नाहीत. शिंदीचे वेगळे. तिच्या शेंड्याखाली खोडालाच खाच घेतात, आणि पुढच्या वर्षी बरोबर उलट बाजूला.

ताज्या रसात साखरेचे प्रमाण शेकडा १० ते १५ असते. हवेतून, मडक्याच्या आतल्या थरातून आणि कापावर बसणाऱ्या किड्यांमधून यीस्टच्या पेशी रसात येतात आणि लगेच कामाला लागतात. वर्गात हिशेब करून पाहण्याजोगा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वजनाने जवळजवळ निम्मे-निम्मे. रसात शेकडा १२ साखर धरली तर शेवटी अल्कोहोल फार तर शेकडा ६च्या आसपास जाईल. प्रत्यक्षात ते साधारण ४ ते ६ भरते, कारण सगळी साखर यीस्टच्या वाट्याला येत नाही. त्याच मडक्यात दुसरे जिवाणूही असतात. काही आम्ल तयार करतात, काही हवेच्या मदतीने अल्कोहोलचेच अ‍ॅसेटिक आम्ल करतात. माडीचा शिरका होतो तो यांच्यामुळे.

या रसाचा उपयोग पिण्यापुरताच नव्हता, हे इथे सांगायला हवे. गोव्यात पाव फुगवण्यासाठी माडी वापरत, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतही सणाच्या पदार्थांचे पीठ माडीने आंबवण्याची रीत होती. बेकरीचे यीस्ट दुकानात मिळू लागण्यापूर्वी यीस्ट साठवण्याचे भांडे म्हणजे माडाचा शेंडाच होता! १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने माडाच्या रसाला 'सुरा' म्हटले आहे. त्यापासून काढलेली दारू, शिरका आणि गूळ यांचीही त्याने माहिती दिली आहे. हा तोच ओर्ता, ज्याच्याकडे काही काळ मुंबई बेट खंडाने होते. वसई तेव्हा पोर्तुगिजांकडे होती. १५३४ ते १७३९ इतका दीर्घ काळ.

रस काढणे हा कोकणपट्टीत प्रामुख्याने भंडारी समाजाचा व्यवसाय होता. वाडी एकाची, झाडावर चढणारा दुसरा, असे पुष्कळदा असे. मालकाला झाडामागे ठरावीक रक्कम किंवा रसाचा वाटा मिळे. सत्तेला कर मिळे. मुंबई बेटावर पोर्तुगीज अमदानीत भंडाऱ्यांच्या धंद्यावर कर होता आणि इंग्रजांनी तो पुढे चालू ठेवला. म्हणजे कर ही काही नवी गोष्ट नव्हती. पण पेय कोणी बनवायचे आणि कोठे विकायचे, हे ठरवणारा माणूस झाडावर चढणारा होता. विकण्याची जागा बहुतेक वेळा झाडाचा बुंधाच असे. पुढे सरकारी कागदपत्रांतही 'झाडाखालचे दुकान' असा परवान्याचा एक प्रकारच झाला. आमच्या मते वसईचा खरा जुना पब हाच. भिंती नाहीत, छप्पर नाही, आणि माल तळघराऐवजी डोक्यावर!

पब हा शब्द आलाच आहे, तर तिकडची गोष्ट थोडी पाहू. ताडीचे वेगळेपण त्याशिवाय कळणार नाही.

मध्ययुगीन इंग्लंडात जवापासून 'एल' नावाचे पेय बनवत. तेही टिकत नसे, चार-सहा दिवसांत आंबट होई. त्यामुळे ते घरोघरी बनवले जाई, आणि बनवणाऱ्या व विकणाऱ्या मुख्यतः बायका असत. एल तयार झाली की दाराबाहेर काठीला झुडूप बांधून खूण करायची, शेजारपाजारचे लोक येत. पंधराव्या शतकात नेदरलंड्‌सकडून हॉप नावाच्या वेलीची फुले जवाच्या काढ्यात घालण्याची पद्धत इंग्लंडात आली. हॉपमधील कडू द्रव्ये अनेक जिवाणूंची वाढ रोखतात. हॉप घातलेली बीअर आठवडे, महिने टिकू लागली. टिकते ते साठवता येते, साठवता येते ते दूर नेऊन विकता येते, आणि त्यासाठी मोठी पिंपे, मोठी भट्टी व मोठे भांडवल लागते. इ. स. १६०० पर्यंत एल बनवणाऱ्या बायका या धंद्यातून बऱ्याच अंशी बाहेर पडल्या होत्या. अठराव्या शतकात लंडनचे मद्यउत्पादक देशातील बड्या धनिकांत मोडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विक्रीचे परवाने मिळणे कठीण झाले, तेव्हा त्यांनी पबच विकत घ्यायला सुरुवात केली. अशा 'बांधील' पबमध्ये फक्त मालकाच्या भट्टीचीच बीअर मिळे. शतक संपेपर्यंत बहुसंख्य पब असे बांधले गेले होते.

पुढचा प्रवास एका पबवरूनच पाहता येतो. नॉटिंगहॅम शहरात किल्ल्याच्या कड्याखाली, वालुकाश्मात कोरलेल्या गुहांना लागून 'ई ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम' नावाचा पब आहे. भिंतीवर ११८९ हे साल रंगवलेले आहे. इमारत मात्र त्याहून बरीच अलीकडची, सतराव्या शतकातील मानली जाते. (जुनेपणाचा दावा करण्यात इंग्रज आपल्यापेक्षा मागे नाहीत.) हा पब जवळच्याच किंबर्ली गावातील हार्डीज अँड हॅन्सन्स या भट्टीच्या मालकीचा होता. २००६ मध्ये ग्रीन किंग या मोठ्या कंपनीने ती भट्टी विकत घेतली आणि किंबर्लीतील उत्पादन बंद केले. २०१९ मध्ये ग्रीन किंग स्वतःच हाँगकाँगच्या सीके अ‍ॅसेट या कंपनीने घेतली. गुहा तीच, भिंतीवरचे साल तेच, मालक मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मधल्या काळात, १९८९ मध्ये, ब्रिटिश सरकारने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या भट्ट्यांवर निर्बंध घातले होते. पण त्यामुळे पब गावाकडे परत आले नाहीत. भट्ट्यांनी ते नुसते पब चालवणाऱ्या नव्या कंपन्यांना विकले.

आता प्रश्न असा, की ताडीचे असे का झाले नाही? अर्नाळ्याच्या एखाद्या धनिकाने ताडीची मोठी भट्टी का उभारली नाही? उत्तर आपण वर पाहिलेच. ताडीला हॉप नव्हते. शंभर झाडांचा रस एका ठिकाणी आणेपर्यंत पहिल्या झाडाचा रस आंबून जाई. पेय ताब्यात घेणे शक्य नव्हते, म्हणून सत्तेने झाडच ताब्यात घेतले.

मुंबई सरकारने १८७८ मध्ये अबकारी कायदा केला. कलेक्टरच्या परवान्याशिवाय रस देणारे झाड चिरणे हा गुन्हा ठरला, आणि चिरल्या जाणाऱ्या प्रत्येक झाडावर कर बसला. इथे थोडे थांबून या कराचे स्वरूप पाहायला हवे. इंग्लंडातील मद्यउत्पादक कर भरे तो त्याच्या मालावर. वसईच्या भंडाऱ्याला कर होता झाडावर. झाडाने रस भरपूर दिला काय किंवा थोडा दिला काय, उन्हाळी वाऱ्याने पोय वाळली काय, कर तेवढाच. शिवाय कर आधी, रस नंतर. रोख पैसा हाताशी नसलेल्या माणसाला कर भरण्यासाठी उसनवारी करणे भाग पडे, आणि उसने देऊ शकणारा बहुधा दुकानाचा मक्ता घेतलेला माणूसच असे. विक्रीची दुकाने लिलावाने दिली जात. जास्त बोली लावणारा मक्तेदार, त्याने आगाऊ रक्कम दिलेला झाडावर चढणारा, आणि त्या दोघांच्या वर वसुली करणारा अबकारी अंमलदार, अशी उतरंड तयार झाली. झाडावर चढणारा माणूस तोच राहिला. तो आपल्या धंद्याचा धनी न राहता गडी झाला.

आपल्या भाषेने याची साक्ष जपून ठेवली आहे. दारूच्या दुकानाला आपण 'गुत्ता' म्हणतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता, ठेका. मराठवाड्यात आजही कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. इंग्रजांनी आपल्या दुकानाचे नाव 'पब्लिक हाउस', सर्वांसाठी खुले घर, असे ठेवले. आपल्याकडे दुकानाला ठेक्याचे नाव पडले. कोणाच्या मनावर कशाचा ठसा उमटला होता हे यावरून कळते.

गाळलेल्या दारूची गोष्ट आणखी वेगळी. ऊर्ध्वपातनाने अल्कोहोलचे प्रमाण वाढले की जिवाणू त्यात जगत नाहीत आणि दारू वर्षानुवर्षे टिकते. म्हणजे इथे इंग्लंडसारखी मोठी भट्टी शक्य होती, आणि झालेही तसेच. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद पाडून ठरावीक मोठ्या भट्ट्यांतूनच दारू घ्यायची, असे धोरण सरकारने आखले. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र बनले, आणि तेथील भट्ट्या प्रामुख्याने पारशी मालकांच्या होत्या. पण डोंगरपट्टीतला वारली किंवा कातकरी आपल्या घरामागे दारू गाळतच राहिला, कारण मोहाची फुले वाळवून कितीही दिवस ठेवता येतात. तेव्हा सरकारने फुलांनाच हात घातला. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर बंधने आली. आदिवासींच्या दृष्टीने मोहाचे फूल म्हणजे केवळ दारू नव्हे, धान्य संपल्यावरच्या महिन्यांतले ते अन्नही आहे. कायद्याला हा फरक दिसला नाही, किंवा दिसूनही उपयोगाचा वाटला नाही. ताडीत टिकत नाही म्हणून झाड धरले, मोहात टिकते म्हणून फूल धरले. महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील बंधने उठवली ती २०२१ मध्ये.

उधारीवर दारू देणारा मक्तेदार हळूहळू सावकार झाला आणि कर्जापोटी जमिनी घेऊन जमीनदारही झाला. ठाणे जिल्ह्याचा उत्तर भाग आणि लगतचा सुरत जिल्हा यांत हे मोठ्या प्रमाणावर घडले. मक्तेदारांत पारशी बरेच असल्यामुळे या प्रकाराचा दोष एका समाजाच्या माथी मारणे सोपे जाते. आम्हाला ते पटत नाही. लिलावाची पद्धतच अशी होती, की चढी बोली लावणाऱ्याने ती रक्कम पिणाऱ्याकडून वसूल केलीच पाहिजे, नाहीतर तो बुडणार. बोलीच्या रकमेचा पहिला मानकरी सरकारी तिजोरी होती.

याला उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणाहून. १९२२ च्या सुरुवातीला पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवीची, म्हणजे त्या रोगाची, साथ आली. देवीला शांत करण्यासाठी विधी होऊ लागले. काही जणांच्या अंगात देवी येई आणि दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, स्वच्छ राहा, असे सांगे. मासे मारून जगणाऱ्या लोकांनी मासळी सोडायची, ही लहान गोष्ट नव्हे. ही लाट किनाऱ्यावरून वसई आणि डहाणूकडे, तेथून डोंगरातल्या आदिवासी गावांत आणि वर्षअखेरीस सुरत जिल्ह्यात पोचली. तिकडे तिला आणखी धार आली. दारू विकणाऱ्या जमीनदारांच्या शेतावर काम करायचे नाही, असे देवीचे आदेश निघू लागले. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा बारकाईने अभ्यास केला आहे. तिच्यामागे एकही पुढारी नव्हता आणि कोणा सुधारकाने ती सुरू केलेली नव्हती. दारू सोडणे हा इथे नीतीचा प्रश्न जेवढा होता, तेवढाच कर्जाच्या दोरीतून मान सोडवून घेण्याचा होता. पुढच्या वर्ष-दीड वर्षात बहुतेक ठिकाणी लाट ओसरली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाचे रूप पुन्हा बदलले. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. झाडावरचा माणूस एका रात्रीत बेकायदा ठरू नये म्हणून नीरेचा मार्ग काढण्यात आला. नीरा म्हणजे न आंबलेला रस. मडके आतून चुन्याने सारवायचे, ते पहाटे उतरवायचे आणि रस थंड ठेवायचा. चुन्यामुळे रस अल्कधर्मी राहतो आणि यीस्टची वाढ खुंटते. गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारात नीरेला आणि ताडगुळाला जागा होतीच. मुंबईच्या उपनगरी स्थानकांवर नीरेची केंद्रे निघाली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. कल्पना चांगली होती, पण तिची मदार पुन्हा त्याच घड्याळावर होती. चुन्याला थोडी कसर राहिली, गाडीला उशीर झाला, की पहाटेची कायदेशीर नीरा दुपारी कायद्याने दारू ठरे. कायद्याने रेघ ओढली ती एका अखंड चालणाऱ्या रासायनिक क्रियेच्या मधोमध. दुसरीकडे खाड्यांच्या कडेने चोरट्या भट्ट्या पेटल्या. दारूबंदी १९६० च्या दशकात हळूहळू सैल होत गेली, आणि ताडी-माडीची परवान्याची दुकाने परत आली.

याच वर्षांत हिंदुस्थानातील बीअरच्या कारखान्यांची मालकी इंग्लंडच्याच वाटेने चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड डायरने कसौलीला काढलेला धंदा पुढे मीकिन यांच्या धंद्यात मिसळला आणि १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांच्याकडे आला. बंगळूरचा युनायटेड ब्रुअरीज समूह इंग्रजांकडून विठ्ठल मल्ल्यांकडे आला आणि २०२१ मध्ये त्यातील बीअर कंपनीचे नियंत्रण डच हायनेकेनने घेतले. जे पेय बाटलीत टिकते त्याचे भाग शेअर बाजारात विकता येतात. ताडीचे येत नाहीत. तिच्या वाट्याला दुसरे दुखणे आले. झाडे थोडी आणि गिऱ्हाईक फार, अशा ठिकाणी क्लोरल हायड्रेट हे गुंगी आणणारे रसायन पाण्यात कालवून बनावट ताडी विकली जाते. तिला झाड लागत नाही, चढणारा लागत नाही आणि ती आंबतही नाही. माणसाच्या मेंदूवर मात्र तिचा घातक परिणाम होतो.

वसई-विरारमध्ये झाडेच कमी होत चालली आहेत. १९९० मध्ये या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे गेले. हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने मोठा लढा दिला. २००९ मध्ये महानगरपालिका झाली आणि रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती वाढत गेल्या. आगाशी, नाळे, अर्नाळा या बाजूला वाड्या अजून आहेत. पण तीस-चाळीस हात उंच ताडावर दिवसातून दोनदा चढण्याचे काम शिकायला नवी पिढी फारशी तयार नाही, आणि त्यात आम्हाला नवल वाटत नाही. पाय घसरला तर सारे संपले. २०२० मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने डहाणूला दोनशे कारागिरांना प्रशिक्षण देऊन नीरा व ताडगूळ बनवण्याचे साहित्य वाटले. ताडगूळ टिकतो. तेव्हा आता तो कोण बनवणार, कोण साठवणार आणि दर कोण ठरवणार, हा जुनाच प्रश्न त्याच्याबाबतीत नव्याने उभा राहील.

विद्यार्थ्यांना घेऊन या बाजूला जाणे झाले, तर शिंदीची जुनी झाडे पाहावीत. रस काढलेल्या शिंदीचे खोड सरळ नसते. दर वर्षी उलट बाजूला खाच घेतल्याने ते नागमोडी होते, आणि प्रत्येक खाच म्हणजे रसाचा एक हंगाम. खालून वर खाचा मोजाव्यात, सर्वांत वरची खाच ताजी आहे की वाळून काळी पडली आहे ते पाहावे, आणि ती शेवटची खाच कोणत्या वर्षी, कोणी घेतली हे वाडीच्या मालकाला विचारावे.